मुंबईकर, पुणेकर आणि आम्ही

महानगरांच्या राहणीची तुलना करण्याची हौस सर्वच देशांत आढळते. अमेरिकेत न्यूयॉर्क श्रेष्ठ की बॉस्टन, हा वाद हिरीरीने घातला जातो. आपल्याकडे तो मान मुंबई व पुणे यांस मिळाला आहे. या विषयावरील मराठी विनोदी वाङ्मयात पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांचे मुंबईकर, पुणेकर व नागपूरकर यांवरील कथन अग्रगण्य होय, हे सहसा कोणी नाकारणार नाही. आम्हीही नाकारीत नाही. परंतु जुन्नर तालुक्यातील ओझरास राहून ते ऐकताना जे विचार मनात येतात, ते शहरवासी टीकाकारांस सुचण्याचा संभव कमी.

या कथनाची खरी खुबी त्याच्या भूमिकेत आहे. अमक्या शहरचे लोक असे असतात, असे नुसते वर्णन न करता लेखक श्रोत्यासच विचारतात, की तुम्हांस यांपैकी कोण व्हायचे आहे; आणि मग त्या त्या पंथाची दीक्षा सांगतात. मुंबईकर होऊ पाहणाऱ्याने आयुष्य घड्याळाशी बांधावे. पुणेकर होऊ पाहणाऱ्याने कशाचा तरी प्रखर अभिमान बाळगावा व ज्यात आपणांस गती नाही त्यावरही ठाम मत द्यावे. म्हणजे नागरपण जन्माने येत नसून शिकून येते. मुंबईत जन्मलेल्या व पुण्यात देह ठेवलेल्या लेखकास हे मर्म गवसावे, यात नवल नाही. (नागपूर आमच्या वाटेवर नाही; त्याविषयी मौनच बरे.)

आमची तक्रार येथूनच सुरू होते. हा दीक्षा घेणारा शिष्य येतो कोठून? कथनात त्यास गावच नाही. मुंबईच्या कारकुनास घरचा डबा पोहोचविण्याचा धंदा १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला, आणि त्यात शिरलेली माणसे बहुतांशी मावळ, खेड, आंबेगाव व जुन्नर या भागांतली. अलीकडे त्यांची संख्या घटली आहे. तरी घड्याळाची दीक्षा कारकुनापेक्षा त्यांनीच अधिक कडकपणे पाळली. परंतु गावच्या जत्रेचे दिवस आले, की हेच लोक घड्याळ बाजूस ठेवून चार-पाच दिवस गावी येतात व मुंबईचा डबा बंद राहतो. यांस मुंबईकर म्हणावे की नाही? पु. लं.च्या मांडणीत या प्रश्नास जागाच नाही, आणि ही उणीव किरकोळ नव्हे. कारण ज्याच्या श्रमावर त्या नागरपणाचा डोलारा उभा, तोच चित्राबाहेर राहिला आहे.

चतुर्थीस विघ्नहराच्या दर्शनाला मुंबईची मंडळी माळशेज घाट चढून येतात, पुण्याची नारायणगावावरून. रांगेत एकजण परतीची वेळ मोजीत असतो, दुसरा रांगेच्या व्यवस्थेवर अभिप्राय देत असतो; पु. लं.ची पारख किती अचूक होती, हे तेथे पदोपदी पटते. पण दर्शन आटोपून कुकडीच्या काठी बसल्यावर त्यांतील कित्येकजण शेजारच्याच गावचे निघतात, आणि पहिली चौकशी करतात ती कांद्याच्या भावाची.