पृष्ठरचना सॉफ्टवेअरमधील चित्रनिवेशन : सुलभतेच्या कल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

पुस्तके, नियतकालिके व संशोधनपत्रिका यांची पाने आज संगणकावर रचली जातात. पानावर चित्र घालण्याची क्रिया अधिकाधिक सोपी करणे हे पृष्ठरचनेच्या सॉफ्टवेअरचे आरंभापासूनचे उद्दिष्ट राहिले आहे. परंतु ‘सोपे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. किती टिचक्यांत चित्र पानावर आले, एवढ्यावरच सुलभता मोजली जाते. हे माप अपुरे असून त्याची किंमत छापील पानाला मोजावी लागते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

ब्लॉकपासून ‘प्लेस’पर्यंत

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी छायाचित्रासाठी धातूचा ब्लॉक करून घ्यावा लागे. ब्लॉकला पैसे पडत, वेळ लागे आणि एकदा केलेल्या ब्लॉकचा आकार बदलता येत नसे. साहजिकच चित्र हवे की नको, हवे असल्यास किती रुंदीचे, हा निर्णय संपादकाला अगोदरच घ्यावा लागे. १९८५ मध्ये अल्डस कंपनीचे पेजमेकर आले आणि हा क्रम पालटला. ‘प्लेस’ ही आज्ञा द्यावी, फाइल निवडावी, पानावर टिचकी मारावी आणि कोपरा धरून चित्र हवे तेवढे ओढावे, इतके ते सोपे झाले. आकाराचा निर्णय आधी घेण्याची गरज उरली नाही, आणि हळूहळू तो विचारपूर्वक घेण्याची सवयही सुटत गेली.

पेजमेकर एक प्रश्न मात्र विचारीत असे. चित्राची फाइल मोठी असल्यास तिची पूर्ण प्रत प्रकाशनात समाविष्ट करावयाची काय, असा तो प्रश्न होता. ‘नाही’ म्हटल्यास पानावर केवळ प्रतिमा दिसते व मूळ फाइल मुद्रणालयात स्वतंत्रपणे पाठवावी लागते, हा अर्थ त्या प्रश्नातून उलगडत नसे. प्रश्न योग्य होता. पण ज्याला उत्तर द्यावयाचे त्याला समजेल अशा भाषेत तो नव्हता.

दोन रीतींची तुलना

१९८७ च्या क्वार्कएक्सप्रेसने आधी चौकट व मग चित्र ही रीत रूढ केली. २००३ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरनेही तीच स्वीकारली. स्क्रायबसचा विचार मराठी महाविद्यालयांनी विशेषत्वाने करावयास हवा. ते विनामूल्य आहे आणि देवनागरीसारख्या लिपींची जोडाक्षरे नीट मांडण्याची सोय २०२४ च्या १.६ या स्थिर आवृत्तीत आली आहे. त्यात चित्र घेण्याचा रूढ मार्ग मात्र नवख्याला चकवणारा आहे. चौकट आखून चित्र आणले की ते चौकटीत मावेलच असे नाही. पुष्कळदा त्याचा वरचा डावा कोपराच दिसतो. ते चौकटीएवढे करण्यासाठी वेगळी आज्ञा शोधावी लागते. या अडचणीतून वापरणारा काहीच शिकत नाही. ती निव्वळ अडचण आहे व दूर व्हावयास हवी.

१९९९ मध्ये आलेल्या अ‍ॅडोबीच्या इनडिझाइनमध्ये चौकट आपोआप तयार होते. २००७ च्या सीएस३ आवृत्तीपासून अनेक चित्रे एकदम उचलून एकामागून एक पानावर ठेवता येतात. टिचक्यांच्या हिशेबात इनडिझाइन निर्विवाद सरस ठरते. परंतु पीडीएफ करण्यापूर्वीच्या तपासणीत चित्र उलटे पडते. चित्राचे रेझोल्यूशन कमी असल्यास स्क्रायबस इशारा देते. इनडिझाइनच्या मूळ तपासणीत हरवलेल्या लिंक, नसलेले फाँट व चौकटीबाहेर गेलेला मजकूर यांची नोंद होते, रेझोल्यूशनची नाही. ती तपासणी वापरणाऱ्याला स्वतः जोडून घ्यावी लागते. म्हणजे अवघड सॉफ्टवेअर सावध करते आणि सोपे सॉफ्टवेअर गप्प राहते.

मौनाचा परिणाम

हे मौन किती महाग पडते ते साध्या गणिताने स्पष्ट होते. १२०० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र ४ इंच रुंद छापले तर इंचाला ३०० पिक्सेल मिळतात. चांगल्या छपाईसाठी हेच प्रमाण रूढ आहे. तेच कोपरा धरून ८ इंच केले की १५० उरतात. पडद्याला याहून अधिक क्वचितच लागत असल्याने संगणकावर दोन्ही चित्रे सारखीच सुबक दिसतात. दोष उघड होतो तो कागदावर.

संशोधनपत्रिकेत हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. मोडी कागदपत्रावरील लेखासोबत त्या पत्राची प्रतिमा छापली जाते ती सजावट म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. लेखकाने लावलेले वाचन वाचकाला ताडून पाहता यावे हा तिचा हेतू असतो. मोबाइलवरील संदेशसेवेतून लहान होऊन आलेले छायाचित्र पानभर ताणले की अक्षरांची वळणे एकमेकांत मिसळतात. मग प्रतिमा छापली जाते, पुरावा छापला जात नाही; लेखकाच्या वाचनावर केवळ विश्वास ठेवणे एवढेच वाचकाच्या हाती उरते. शिलालेख, नकाशे व सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्रे यांनाही हेच लागू पडते. याचे खापर बहुधा मुद्रकावर फोडले जाते. वस्तुतः दोष चित्र ओढले गेले त्या क्षणीच शिरलेला असतो.

समारोप

वरील विवेचनावरून सुलभतेच्या पुढील तीन कसोट्या सुचविता येतात.

१. चौकट आखणे व चित्र तिच्यात बसविणे यांसारखी यांत्रिक कामे सॉफ्टवेअरने स्वतः करावीत.

२. छापील आकारात इंचाला किती पिक्सेल पडतात, हे चित्र ओढत असतानाच डोळ्यांसमोर दिसावे. इनडिझाइनच्या लिंक पॅनेलमध्ये व स्क्रायबसमध्येही हा आकडा आजही मिळतो. पण तो शोधणाऱ्यालाच सापडतो.

३. मूळ फाइल दस्तऐवजाबाहेर आहे, ही गोष्ट वापरणाऱ्याला कळेल अशा शब्दांत सांगितली जावी.

सॉफ्टवेअर बदलेपर्यंत संपादक मंडळांना एक गोष्ट निश्चित करता येईल. लेख स्वीकारताना चित्राची मूळ फाइल स्वतंत्रपणे मागवावी आणि तिचा छापील आकार अक्षरजुळणीपूर्वीच ठरवावा. ब्लॉकच्या काळी नाइलाजाने घ्यावा लागणारा निर्णय आज स्वेच्छेने घ्यावा, एवढाच याचा अर्थ. हातांचे श्रम वाचविणारी सुलभता स्वागतार्हच आहे. निर्णय झाकून टाकणारी सुलभता मात्र तपासूनच स्वीकारली पाहिजे.