सुंबाच्या माळावरची मार्लिना

‘मार्लिना सी पंबुनुह दालाम अंपात बाबाक’ म्हणजे ‘खुनी मार्लिना, चार अंकांत’. या इंडोनेशियन चित्रपटात मुंडकी उडतात, पण कॅमेरा दचकत नाही. मौली सूर्या यांचा हा चित्रपट २०१७ साली कान महोत्सवाच्या काळात ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात दाखवला गेला. तो घडतो सुंबा बेटावर. इंडोनेशिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जावा-बालीची हिरवी भातखाचरं येतात. इथं वाळल्या गवताचे पिवळे डोंगर आहेत, घोडे आहेत आणि नजर जाईल तिथवर शेजारचं एकही घर नाही. मार्लिनाचं एकटेपण सांगायला दिग्दर्शिकेला एक शब्दही खर्चावा लागत नाही.

पहिल्या अंकात मार्कुस नावाचा उतारवयाचा दरोडेखोर विधवा मार्लिनाच्या घरी येतो आणि पुढं काय होणार ते शांतपणे सांगून टाकतो. साथीदार येतील, जनावरं नेतील, वेळ उरला तर तिच्यावर हात टाकतील. मग तो तिला जेवण करायला लावतो. या प्रसंगातली चौकट नीट पाहावी. युनुस पासोलांग यांचं छायाचित्रण खोलीतला अंधार तसाच राहू देतं. कोपऱ्यात कापडात गुंडाळलेली, गुडघे पोटाशी घेतलेली एक आकृती बसलेली आहे. तो मार्लिनाचा मेलेला नवरा. सुंबात अंत्यविधी खर्चाचा असतो, तो जमेपर्यंत प्रेत घरात ठेवण्याची रीत आहे. हे कुणी आपल्याला समजावून सांगत नाही, की कॅमेरा त्या प्रेताजवळ जाऊन थांबत नाही. ते नुसतं तिथं असतं, घरातल्या माणसासारखं. दरोडेखोरही त्याच्या बाजूनं वावरतात. घरात पुरुष आहे आणि त्याचा काही उपयोग नाही, ही एवढी मोठी गोष्ट मौलींनी कोपऱ्यातल्या एका आकारात बसवली आहे.

मग स्वयंपाक. मार्लिना कोंबडीचं सूप करते आणि त्यात विष मिसळते. दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर इथं थरथरणारी बोटं आली असती, घामेजलं कपाळ आलं असतं. मार्शा तिमोथी यातलं काहीच करत नाहीत. त्यांच्या हातांचा वेग रोजच्या रांधण्याचाच राहतो, वाढतानाही चेहरा यजमानिणीचाच असतो. बाहेरच्या खोलीतली माणसं खाता खाता कोसळतात. तिच्यावर बलात्कार करणाऱ्या मार्कुसचं मुंडकं ती कोयत्यानं उडवते. अत्याचाराच्या त्या प्रसंगात कॅमेरा तिच्या देहाची लालसा धरत नाही, आणि सूडाच्या क्षणी जल्लोषही करत नाही. सूडपटांची सवय असलेल्या प्रेक्षकाला चटावलेला आनंद नाकारणं हे या दिग्दर्शिकेचं सर्वांत कठीण काम, आणि ते तिनं नुसत्या स्थिर चौकटीवर साधलं आहे.

दुसऱ्या अंकात ते मुंडकं बरोबर घेऊन मार्लिना पोलिसांत निघते. झेके खासेली आणि युधी आर्फानी यांचं संगीत इथं उघडपणे एन्निओ मोरिकोनेची आठवण करून देतं. मोकळा माळ, घोड्यावर एकटी व्यक्ती, लांबून टिपलेलं दृश्य असा वेस्टर्नचा सगळा थाट आहे. पण वेस्टर्नमधला नायक कायदा स्वतःच्या कमरेला बांधून फिरतो. ही बाई कायद्याच्या दाराशी चालली आहे. तिच्यामागं मार्कुसचं कबंध येतं आणि सुंबाचं जुंगा हे तंतुवाद्य वाजवत राहतं. या भुतासाठी ना धूर, ना किंकाळी. दिवसाढवळ्या, वाटसरूसारखं ते येतं, म्हणूनच ते अंगावर येतं.

वाटेत भेटते ती नोव्ही. दहावा महिना लागलेली, मूल काही केल्या येत नाही, आणि नवरा तिच्याच चारित्र्यावर संशय घेतो. देआ पानेंद्रा यांनी तिला अखंड बडबडीचं वरदान दिलं आहे. मार्लिनाच्या मौनाशेजारी हा बोलका स्वर ठेवल्यानं दोघींचीही दुःखं स्पष्ट ऐकू येतात.

माझ्या मते चित्रपटाचा खरा कळस तिसऱ्या अंकात, पोलीस ठाण्यात आहे. मार्लिना बाकावर बसून राहते आणि पोलीस टेबल टेनिस खेळत असतात. चेंडूचा तो टकटक आवाज मौली कापत नाहीत, आपल्यालाही तिच्याबरोबर ताटकळत ठेवतात. तक्रार लिहिताना तर अंमलदार तिलाच विचारतो, की मार्कुस म्हातारा होता तर तू प्रतिकार का केला नाहीस? तपासणीची साधनंही लगेच मिळणार नसतात. कोणी ओरडत नाही, कोणी धमकावत नाही. सगळं नेहमीच्या कारकुनी सुरात चालतं. पहिल्या अंकातला दरोडेखोर आणि तिसऱ्या अंकातला अंमलदार एकाच निवांत आवाजात बोलतात, हे लक्षात आलं की पटकथेची वीण किती घट्ट आहे ते कळतं. जिथं डोळ्यांत पाणी आणायचं तो क्षण पोलीस ठाण्यात नाहीच. तो येतो एका खाणावळीत, अनोळखी लहान मुलीपाशी, जिचं नाव मार्लिनाच्या मेलेल्या मुलाचंच, टोपान, असतं. इतका वेळ आवरून धरलेला आवेग असा अनपेक्षित जागी वाहू देणं, ही निवड फार जाणत्या हातांची आहे.

ठाण्यातला तो प्रसंग इंडोनेशियाच्या सार्वजनिक आयुष्यातल्या एका जुन्या जखमेवर बोट ठेवतो. लैंगिक हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हावा म्हणून तिथल्या स्त्री संघटना अनेक वर्षं झगडत होत्या; संसदेनं तो एप्रिल २०२२ मध्ये मंजूर केला. एका चित्रपटानं कायदा घडवला असं म्हणणं त्या बायकांच्या लढ्यावर अन्याय होईल. पण तक्रार घेऊन गेलेल्या बाईच्या वाट्याला काय येतं, हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना मार्लिनानं त्या बाकावर आपल्याशेजारी बसवलं.

२०१८ च्या इंडोनेशियन चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला १० चित्रा पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही त्यांत होता. त्या देशाच्या सिनेमात याहून भव्य चित्रपट आहेत. इतक्या थोड्या हालचालीत इतकं सांगणारा दुसरा मी पाहिलेला नाही.