पाच सेकंदांचा आकडा नेमका कोणासाठी?

ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल सांगणारा आरएफसी २३२८ जॉन मॉय यांनी लिहिला, एप्रिल १९९८ मध्ये. दस्तऐवज काटेकोर आहे, आजही कामाचा आहे. पण त्यातली एक जागा मला खटकते, आणि तिचा संबंध आपल्यासारख्या भागातल्या कमकुवत लिंकशी आहे.

आधी मूळ गोष्ट. कुठली लिंक चालू, कुठली बंद, याचे निरोप राउटर एकमेकांना पाठवतात. निरोप मिळाला की शेजारी पोच देतो. पोच नाही आली तर ठरावीक वेळाने तोच निरोप पुन्हा जातो. हा वेळ म्हणजे रिट्रान्समिट इंटरव्हल. आरएफसीमध्ये नमुना म्हणून आकडा दिलाय ५ सेकंद, आणि तोही लॅनसाठी. हा वेळ बेताने ठेवा, नाहीतर विनाकारण फेरपाठवणी होईल, असा इशाराही तिथेच आहे. पुढे झालं काय, की नमुना हीच पद्धत झाली आणि इशारा मागे राहिला.

आता समजा, यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणीकडचं एखादं गाव एकाच रेडिओ लिंकवर आहे. खरीप पीकविम्याचे शेवटचे दिवस, सेवा केंद्रावर रांग, लिंक तुडुंब भरलेली. दोन्ही दिशांना १०० पैकी २० पॅकेट हरवताहेत. राउटरने १०० निरोप पाठवले तर ८० पोहोचतात, आणि त्यांच्या पोचपावत्यांपैकी १६ परतीच्या वाटेवर हरवतात. म्हणजे ३६ निरोप पुन्हा जाणार, पण त्यातले १६ शेजाऱ्याकडे आधीच आहेत! गर्दीने हरवलेल्या पॅकेटांवर उपाय म्हणून आपण त्याच गर्दीत भर घालतोय.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला असतो, "इंटरव्हल १ सेकंद करून टाका, नेटवर्क लवकर सावरेल." हा सल्ला दोन कारणांनी चुकीचा आहे. एक, लिंक तुटल्याचं ओळखणं हे या टायमरचं कामच नाही, ते हॅलो पॅकेटचं काम. दोन, ओएसपीएफमध्ये शेजारी बऱ्याचदा पोच मुद्दाम थोडी थांबवून, चार निरोपांची मिळून एकदम देतो. तुमचा टायमर त्या थांब्यापेक्षा छोटा असला, तर एकही पॅकेट न हरवता फेरपाठवणी सुरू होते.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. हॅलोचा वेळ दोन्ही बाजूंना जुळला नाही तर शेजारच जमत नाही, चूक लगेच दिसते. रिट्रान्समिट इंटरव्हल मात्र कुठल्याच पॅकेटमधून जात नाही. चुकीचा ठेवला तरी सगळं चालू दिसतं, फक्त लिंक आतून पोखरली जाते.

हे तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या दोन ठिकाणांमधला वेग ३२ हजार बिट प्रतिसेकंदावरून ४० बिटांवर कोसळला होता. त्यातून धडा घेऊन व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये टीसीपीचा टायमर सुधारला. जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि पोच येत नसेल तर दर वेळी दुप्पट थांबायचं. दहा वर्षांनी आलेल्या आरएफसी २३२८ मध्ये आकडा ठामच राहिला. वाढत जाणाऱ्या थांब्याची शिफारस २००५ च्या आरएफसी ४२२२ मध्ये आली, तीही शिफारस म्हणूनच.

मॉय यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की लॅनवर ठाम आकडा सोपा आणि पुरेसा आहे. पण आपल्याकडची लिंक म्हणजे लॅन नव्हे. म्हणून टायमरला हात लावण्याआधी पोच यायला किती वेळ लागतो ते गर्दीच्या तासाला मोजा. शेजार एक्सस्टार्टमध्येच अडकला असेल तर दोन्ही टोकांचा एमटीयू आधी तपासा. तो जुळत नसेल तर तेच मोठं पॅकेट कितीही वेळा पाठवलं तरी पुढे सरकणार नाही. आणि आकडा बदलायचाच असेल, तर अशा लिंकवर तो बहुतेक वेळा वाढवावा लागतो, कमी नाही.