जेल पर्मिएशन क्रोमॅटोग्राफीद्वारे मिळणारा रेणुभार : मापन की तुलना? एक चिकित्सा

प्रस्तावना :
बहुवारिकांच्या अभ्यासात रेणुभार हा मूलभूत गुणधर्म होय. पदार्थाची ताकद, लवचिकता, वितळलेल्या अवस्थेतील प्रवाहिता व टिकाऊपणा त्यावर अवलंबून असतात. १९६४ मध्ये डाऊ केमिकल कंपनीतील जे. सी. मूर यांनी जेल पर्मिएशन क्रोमॅटोग्राफी ही पद्धती मांडली आणि पूर्वी अनेक दिवस चालणारे काम तासाभरात होऊ लागले. या पद्धतीचे मोल वादातीत आहे. तथापि तिच्या आकड्यांचे वाचन मात्र पुष्कळदा चिकित्सेविना होते. प्रस्तुत लेखात याच बाजूचा विचार केला आहे.

पद्धतीचे स्वरूप :
सच्छिद्र कणांनी भरलेल्या स्तंभातून बहुवारिकाचे द्रावण वाहते. लहान रेणू छिद्रांत शिरतात व रेंगाळतात. मोठ्या रेणूंना तेथे प्रवेश नसल्याने ते आधी बाहेर पडतात. म्हणजेच स्तंभ रेणूंचे वजन करीत नाही, तो त्यांना द्रावणातील आकारानुसार वेगळे करतो. आकारावरून रेणुभाराकडे जाण्यासाठी ज्ञात रेणुभाराच्या नमुन्यांची, बहुधा पॉलिस्टायरीनची, मदत घ्यावी लागते. साहजिकच हाती येणारा आकडा ‘पॉलिस्टायरीनच्या तुलनेतील’ असतो. अहवालातील हे शब्द शोधनिबंधात येईपर्यंत गळून पडतात, हा पहिला दोष होय.

दुसरा दोष सरासरीविषयीचा आहे. समजा, एका नमुन्यात १०,००० व १,००,००० रेणुभाराच्या साखळ्या समान संख्येने आहेत. संख्या-सरासरी ५५,००० येते, तर भार-सरासरी सुमारे ९१,८००. दोन्ही आकडे खरे आहेत. परंतु कोणती सरासरी हे न सांगता केवळ ‘रेणुभार’ लिहिणे निरर्थक ठरते. दोहोंचे गुणोत्तर, येथे सुमारे १.६७, साखळ्यांच्या लांबीतील विषमता दर्शविते. त्यास २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने ‘डिस्पर्सिटी’ ही संज्ञा सुचविली.

स्थानिक संदर्भ :
१ मे १९९९ रोजी परभणीपासून विभक्त झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील एक परिचित पीक म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, एक नैसर्गिक बहुवारिक. नेहमीच्या टेट्राहायड्रोफ्यूरान या विद्रावकात ते विरघळत नाही. लिथियम क्लोराइडयुक्त डायमिथिल ॲसिटामाइड वापरावे लागते. शिवाय सेल्युलोजची साखळी पॉलिस्टायरीनपेक्षा ताठ असल्याने तेवढ्याच भाराला ती अधिक जागा व्यापते. परिणामी पॉलिस्टायरीनशी ताडून काढलेला तिचा रेणुभार वास्तवाहून अधिक दिसतो. उलटपक्षी, शाखायुक्त साखळी आटोपशीर असल्याने तिचा रेणुभार कमी दाखविला जातो. ठिबक सिंचनाच्या नळ्यांतील पॉलिइथिलीनसाठी तर सुमारे १४० अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक तापमानाचे ट्रायक्लोरोबेंझीन लागते. एकच यंत्र व एकच रीत सर्व पदार्थांना पुरत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

उपाय व त्यांच्या मर्यादा :
१९६७ मध्ये ग्रुबिसिक, रेम्प व बेन्वा यांनी आंतरिक श्यानता आणि रेणुभार यांच्या गुणाकारावर आधारित सार्वत्रिक अंशांकन मांडले. भिन्न बहुवारिके त्यामुळे एकाच वक्रावर आणता येतात. प्रकाश-प्रकीर्णनाचा डिटेक्टर जोडल्यास संदर्भ नमुन्यांवरील अवलंबन उरत नाही. मात्र तेथेही संहतीनुसार अपवर्तनांकात होणारा बदल अचूक ठाऊक असावा लागतो. आणि रेणू स्तंभातील कणांना चिकटत असतील तर आकारानुसार पृथक्करण हे मूळ गृहीतकच ढासळते.

निष्कर्ष :
ग्रामीण महाविद्यालयातील संशोधक विद्यार्थी नमुना दूरच्या प्रयोगशाळेकडे पाठवितो व त्याच्या हाती केवळ छापील आकडा येतो. अशा वेळी विद्रावक, तापमान, स्तंभ, संदर्भ नमुने व डिटेक्टर यांची नोंद मागणे हा त्याचा हक्क आहे, आणि ती निबंधात देणे हे त्याचे कर्तव्य. प्लास्टिक उन्हात विघटित होते का, यासारखा प्रश्न तर सापेक्ष आकड्यांवरूनही सोडविता येतो; अट एवढीच की दोन्ही नमुने एकाच स्थितीत मोजलेले असावेत आणि साखळीची रचना फारशी बदललेली नसावी. तुलना ही या पद्धतीची उणीव नव्हे. तुलनेला निरपेक्ष मापन म्हणून सादर करणे, ही ती वापरणाऱ्यांची उणीव आहे.