गाईला अध्याय, कोंबडीला म्हण

आपली दिवाळी वसुबारसेपासून सुरू होते. म्हणजे सणांच्या राजाचा पहिला मान गाईवासराला. आश्विन वद्य द्वादशीला सवत्स धेनूची पूजा व्हायची, आणि व्रत करणाऱ्या बायका त्या दिवशी दुधातुपाला शिवत नाहीत. कोंबडीच्या वाट्याला असा दिवस पंचांगात कुठेच नाही. गंमत अशी, की हा पंक्तिप्रपंच आपल्या साहित्यानेही इमानेइतबारे पाळला आहे. गाईला अध्याय मिळाला, कोंबडीला म्हण. आणि तीही झाकलेल्या कोंबड्याची!

लहान शेतकऱ्याचे घर ज्याने आतून पाहिले आहे त्याला ठाऊक असते, की तिथे ही दोन खाती निराळी असतात. गाय बाजारात दात पाहून, बहुधा कर्ज काढून आणलेली. तिच्या दुधाचा हिशेब डेअरीच्या पुस्तकात, आणि ते पुस्तक घरधन्याच्या नावाचे. शेण तेवढे बाईने काढायचे. कोंबड्या मात्र मुळापासून बाईच्या. खुडूक कोंबडीखाली दहाबारा अंडी मांडणे, २१ दिवस मोजणे, पिल्ले निघाली की घारीवर अन् मुंगसावर डोळा ठेवणे, तिन्हीसांजेला डालग्याखाली झाकणे, हा सारा कारभार तिचा. म्हणून अंड्यांचे पैसेही तिचे. पोराची वही, मिठाची पुडी, माहेरी जायचे एस. टी.चे भाडे त्यातून निघते. मानमोडीची साथ येऊन दोन दिवसांत खुराडे रिकामे झाले, तर पुरुषाला त्यात फारसे काही गेलेसे वाटत नाही. बाईची सगळी पुंजी गेलेली असते.

एवढे नाट्य अंगणात पडलेले असता आमच्या कथा-कादंबऱ्यांनी ते का उचलू नये? एक कारण सरळ आहे. ज्या घरांत कोंबडीचा विटाळ मानीत, त्याच घरांतून आपले लेखक बराच काळ आले. पण पुढे खुराड्याच्या घरांतून जे आले, त्यांनीही कोंबडी आणली ती जत्रेत कापायला, नाही तर पाहुण्याच्या ताटात वाढायला. पाळायला क्वचितच!

गाईचे तसे नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त (१९३५) ‘मोरी गाय’ हे स्वतंत्र प्रकरणच आहे. काही मंडळी त्याला भाबडे म्हणतात. मला तसे वाटत नाही. ते प्रकरण टिकले ते गाईच्या पावित्र्यामुळे नव्हे. गाय आणि तिची धार काढणारी बाई यांच्यातल्या ओळखीमुळे टिकले. परक्या हाताला पान्हा चोरणारी आणि ओळखीच्या हाताला मोकळी होणारी गाय ज्याने पाहिली आहे, त्यालाच ते लिहिता येते. नंतरच्या अनुकरणांत ही ओळख गळाली आणि आसवे तेवढी उरली.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) जनावर म्हणजे पोट. मेंढरे जगली तर वाडी जगते. दुष्काळ पडला की वाडीच उठून जाते. मात्र ते सांगणारा मास्तर पाहणारा आहे, राबणारा नव्हे. हे अंतर मिटवले ते आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ने (१९७१). त्यातला नारबा शेतावरचा गडी. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा, आणि ट्रॅक्टर आला की तो उधळतो. या विषयावरचे इतके सच्चे पुस्तक मराठीत दुसरे नाही, असे मी मानतो. तरी माझी एक तक्रार आहे. नारबा सडा माणूस. माया करायला त्याच्यापाशी सवड आहे. जिथे चार पोरे, थकलेली सासू आणि दावणीला एकच दुभती गाय, तिथे माया आणि व्यवहार यांचे रोज भांडण असते. वासराला किती सड सोडायचे आणि डेअरीला किती दूध घालायचे, हा प्रश्न दिवसातून दोनदा उभा राहतो. भाकड झालेल्या गाईला पेंड घालायची की नुसत्या कडब्यावर ठेवायची, यावरून नवराबायकोत अबोला होतो. हा अबोला मला कादंबरीत वाचायचा आहे.

याचा परिणाम पोरांवरही होतो, म्हणून हे बोलतो. शाळेत ‘गाय’ हा निबंध घातला, की पहाटे गोठा झाडून आलेली मुलेसुद्धा ‘गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे’ असेच लिहितात. छापलेली गाय त्यांना खरी वाटते, घरची खोटी. एका मुलीने मात्र निराळे लिहिले होते. त्यांची गाय व्याली, तेव्हा आईने पहिल्या चिकाचा खरवस करून शेजारी वाटला आणि पोरांना भांडे चाटायला ठेवले. पुढे दूध डेअरीला जाऊ लागले, आणि घरात चहा पुन्हा कोराच होऊ लागला.