मिश्र अपूर्णांकांचा गुणाकार : कृती आणि उक्ती

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचा गुणाकार प्रत्यक्ष कृतीतून शिकवावा, हे मत आता सामान्यतः मान्य झाले आहे. वर्गाच्या फरशीवर अडीच हात लांब व दीड हात रुंद आयत आखावा, त्यात हातभर बाजूचे चौरस पाडावेत आणि क्षेत्रफळ काढवावे, ही त्यातील प्रातिनिधिक कृती होय. तिचे सामर्थ्य निर्विवाद आहे. पूर्णाला पूर्णाने व अर्ध्याला अर्ध्याने गुणून सव्वादोन हे उत्तर काढणाऱ्या विद्यार्थ्याला दोन पूर्ण चौरस व एक पाव तुकडा यांखेरीज तीन अर्धे तुकडेही समोर दिसतात. सुटलेला दीड त्याला तेथेच सापडतो.

तथापि एवढ्यावर थांबणे इष्ट नव्हे. नुसते तुकडे मोजणारे मूल 'सहा' असे उत्तर देईल. काय मोजावयाचे हे कृती सांगत नाही. ते भाषेने ठरवावे लागते. सर्व आयत पाव चौरसांत विभागला म्हणजे लांबीकडे पाच, रुंदीकडे तीन, असे पंधरा पाव होतात आणि अंशाला अंशाने, छेदाला छेदाने गुणण्याच्या रीतीचे मर्म उलगडते.

दुसरी अडचण शब्दांची आहे. चाकूरसारख्या गावी मूल घरी व बाजारात 'अडीच' ऐकते. शाळेत त्याच संख्येचे वाचन 'दोन पूर्णांक एक छेद दोन' असे होते. 'अडीच' हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय' यापासून आलेला, म्हणजे 'तिसरा अर्धा'. त्यात दोन आणि अर्धा यांची बेरीज दिसत नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील उर्दूतील 'ढाई'ही त्याच मुळाचा. उलट लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडील कन्नडात 'एरडूवरे' या शब्दातच दोन व अर्धा वेगळे ऐकू येतात. पाठ्यपुस्तकातील वाचनही 'आणि' हे अव्यय गाळते. बेरीज अशी झाकली गेल्यावर मूल दोनच गुणाकार करते, यात नवल नाही.

म्हणून कृतीच्या शेवटी दिडकीचा पाढा आणावा. त्यात दोनाला तीन, तिनाला साडेचार. अडीच मधोमध, म्हणून पावणेचार. जुन्या पाठांतरात उत्तर होते, कारण नव्हते. नव्या कृतीत कारण आहे. त्याला मुलाच्या तोंडचा शब्द मिळाला, तरच ते टिकेल.