कार्ल्याच्या यवनांचें 'दान' व ग्रीक 'दिदोमि'

भुशी-लोणावळ्याच्या परिसरांतील कार्ल्याच्या चैत्यगृहांत कांहीं स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांचीं नांवें दाते म्हणून कोरलेलीं आहेत. त्या लेखांतील 'दानं' हा शब्द आणि ग्रीक 'दिदोमि', म्हणजे 'मी देतों', हें क्रियापद यांचें साम्य पाहून ते दाते ग्रीकभाषी होते असें ठरविण्याचा मोह अभ्यासकास होतो. हें प्रमाण कितपत टिकतें, हें आम्ही येथें तपासणार आहोंत.

साम्य खरें आहे. ददामि, ददासि, ददाति यांस ग्रीकांत दिदोमि, दिदोस, दिदोसि अशीं रूपें आहेत. दोहोंकडे धातूचें द्वित्व होतें. अभ्यासाचा स्वर मात्र संस्कृतांत अकार, ग्रीकांत इकार. अनेकवचनीं 'दद्मः' यांत धातूचा स्वर लोपतो, 'दिदोमेन' यांत तो ह्रस्व होऊन उरतो. भूतकाळीं 'एदोका' असें रूप होतें. त्यांतील ककाराचा 'अदात्' यांत मागमूस नाहीं. अर्थांतही भेद आहे : दिदोमीच्या वर्तमानकाळीं रूपांस 'देऊं करणें' असाही अर्थ येतो. अशा भेदांसह असलेलें साम्य एका मूळ भाषेचा वारसा दाखवितें. उसनवारी दाखवीत नाहीं. 'दान' शब्द संस्कृत-प्राकृताच्या घरचाच आहे.

शिवाय देवास वस्तु अर्पिल्याचें सांगतांना ग्रीक लेखांत बहुधा 'अनेथेके' हें क्रियापद येतें. त्याचा धातु 'तिथेमि', म्हणजे आमचा 'दधामि'. अक्षरार्थ 'वर ठेविलें'. कार्ल्याच्या लेखांवर ग्रीक सांच्याची छाया असती, तर 'स्थापिलें' अशा अर्थाचा शब्द अधिक अपेक्षित होता. प्रत्यक्षांत यवनांच्या लेखांत जो 'थभो दानं' हा सांचा आहे, तोच तेथील इतर दात्यांच्या लेखांतही आढळतो. 'सिहधय' हें एका यवनाचें नांवही प्राकृतच आहे.

बेसनगरच्या गरुडस्तंभाची गोष्ट वेगळी. तेथील भाषा प्राकृत असली, तरी हेलिओदोर हें नांव, अंतलिकित राजाचा उल्लेख आणि तक्षशिलेहून आलेला योनदूत हें बिरुद यांवरून दाता ग्रीक ठरतो. ठरविणारें प्रमाण तेथेंही क्रियापद नव्हे.

कार्ल्याचे यवन ग्रीक नव्हतेच, असें आमचें म्हणणें नाहीं. ते ग्रीक असतील, ग्रीक वंशाचे असून येथें रुळलेले असतील, किंवा 'यवन' हें केवळ परदेशीयांचें सामान्य नांवही असेल. परंतु हा निर्णय नांवें, स्थळें व व्यापारमार्ग यांच्या पुराव्यावर व्हावा. 'दान' शब्दावर त्याचा भार टाकूं नये.